संगणक-शंका : अक्षरांची मोजदाद

गेल्या अंकात या सदरात एक छोटा सराव दिला होता : वापरकर्त्याने दिलेल्या मजकुरात कोणते अक्षर किती वेळा आले आहे, हे सांगणारा प्रोग्रॅम लिहावा. सराव सोपा होता, त्यावर आलेली पत्रे मात्र तितकी सोपी नव्हती. बहुतेकांना मोजता येत होते. चूक मोजायला बसण्याआधीच, म्हणजे काय मोजायचे, मजकूर कसा वाचून घ्यायचा आणि आकडे कोठे मांडायचे हे ठरवताना झालेली होती. त्यांपैकी काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. सी भाषेत २६ घरांचा ॲरे (क्रमांक दिलेल्या घरांची सलग रांग) घेऊन मी हा प्रोग्रॅम लिहिला. घरच्या संगणकावर उत्तर बरोबर येते, पण प्रयोगशाळेत काही अक्षरांपुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात. शिवाय पूर्ण वाक्य टाइप केले तरी पहिल्याच शब्दाची मोजणी होते. परीक्षकांनी 'लॉजिक बरोबर आहे' असे म्हणत निम्मेच गुण दिले.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमच्या प्रोग्रॅमची प्रत पाहिली. निम्मे गुण मला उदारच वाटतात, कारण त्यात दोन नव्हे, चार चुका आहेत आणि त्यांतल्या दोन अजून तुमच्या नजरेस आलेल्या नाहीत.

पहिली चूक कोट्यवधींच्या आकड्यांची. सी भाषेत फंक्शनच्या आत ॲरे जाहीर केला, की त्याची घरे आपोआप शून्य होत नाहीत. मेमरीच्या त्या जागेवर आधीच्या कामाचा जो कचरा पडलेला असेल, तोच त्या घरात दिसतो आणि तुमची मोजणी त्या कचऱ्यात भर घालत जाते. घरच्या संगणकावर ती जागा योगायोगाने रिकामी होती, प्रयोगशाळेत नव्हती, एवढाच फरक. ॲरे जाहीर करतानाच बरोबरीच्या चिन्हापुढे महिरपी कंसात एक शून्य लिहिले, की सर्व २६ घरे शून्य होतात.

दुसरी चूक वाचण्याची आहे. 'स्कॅन-एफ' फंक्शनला टक्का-एस दिले, तर ते पहिल्या मोकळ्या जागेशी थांबते. त्यामुळे वाक्याचा पहिला शब्दच तुमच्या हाती लागतो. त्याऐवजी 'एफ-गेट-एस' वापरावे, परंतु ते ओळीच्या शेवटचे 'एंटर'चे चिन्हही स्ट्रिंगमध्ये, म्हणजे साठवलेल्या मजकुरात, ठेवते, हे लक्षात असू द्यावे. त्या चिन्हाचा अंक, म्हणजे संगणक ते ज्या क्रमांकाने साठवतो तो, १० आहे आणि तो अक्षर म्हणून मोजला गेला, तर उत्तराच्या यादीत एक रिकामी ओळ उगवते आणि ती कोठून आली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता न दिसलेल्या चुका. तुम्ही अक्षराच्या अंकातून ९७ वजा करून घर काढता. स्मॉल 'ए'चा अंक ९७ असल्यामुळे त्याला शून्य क्रमांकाचे घर मिळते, 'झेड'ला २५ क्रमांकाचे, आणि हिशेब जमतो. वापरकर्त्याने कॅपिटल 'ए' दिला तर? त्याचा अंक ६५, म्हणजे घर उणे ३२. सी भाषा तुम्हाला अडवत नाही. ती ॲरेच्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच कोणाच्या जागेत एक मिळवून मोकळी होते. प्रोग्रॅम कदाचित कोसळेल, कदाचित दुसऱ्याच एखाद्या चलाची किंमत बिघडवेल, आणि हा दुसरा प्रकार जास्त वाईट. म्हणून आधी 'टू-लोअर'ने अक्षर स्मॉल करून घ्यावे आणि ते 'ए' ते 'झेड' या टप्प्यात बसते का हे तपासूनच वजाबाकी करावी.

हे सारे टाळण्यासाठी तुम्ही पत्राच्या शेवटी सुचवलेला उपाय, म्हणजे २५६ घरांचा ॲरे घेऊन काहीही वजा न करणे, चांगला आहे. फक्त तेथेही एक खड्डा आहे. पुष्कळ संगणकांवर सी भाषेतला 'कॅर' हा अक्षर साठवण्याचा प्रकार उणे १२८ ते १२७ अशा किमती धरतो. स्मॉल-कॅपिटल इंग्रजी १२७ च्या आत असल्याने काही बिघडत नाही, पण मराठी मजकूर दिला की त्यात हमखास येणारा २२४ हा बाइट (साठवणुकीचा एक घटक) उणे ३२ म्हणून वाचला जातो. कॅपिटल 'ए'मुळे आलेला उणे ३२ आणि हा उणे ३२ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण दोन्ही वाटा त्याच भिंतीवर आदळतात, याची मला गंमत वाटली. घराचा क्रमांक म्हणून वापरण्यापूर्वी अक्षर 'अनसाइन्ड कॅर'मध्ये बदलून घ्यावे.

प्रश्न : नोकरीच्या लेखी चाचणीत 'स्ट्रिंगमधील पहिले असे अक्षर सांगा, जे पुन्हा येत नाही' असा प्रश्न होता. प्रत्येक अक्षर घेऊन ते उरलेल्या सगळ्या अक्षरांशी ताडून पाहणारा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला. नमुन्याच्या चाचण्या पार झाल्या, मोठ्या चाचणीत 'टाइम लिमिट' ओलांडली. मैत्रीण म्हणते की 'काउंट' हे फंक्शन वापरले असतेस तर वाचली असतीस. सर म्हणतात की 'काउंट'ला हातही लावू नये. कोणाचे ऐकावे?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : दोघांचेही अर्धे अर्धे ऐकावे. अशा चाचण्यांत दोन लाख अक्षरांची स्ट्रिंग सर्रास येते. प्रत्येक अक्षर बाकीच्या सर्वांशी ताडायचे म्हटले, तर दोन लाख गुणिले दोन लाख, म्हणजे चार हजार कोटी तुलना होतात. एवढ्या तुलना पायथनला सेकंद-दोन सेकंदांत झेपणार नाहीत, म्हणून प्रोग्रॅम बरोबर असूनही नापास झाला.

'काउंट' हे फंक्शन आतून संपूर्ण स्ट्रिंग एकदा चालून जाते. स्ट्रिंगमधल्या प्रत्येक जागेसाठी ते बोलावले, तर वरचाच गुणाकार पुन्हा उभा राहतो, आणि तुमच्या सरांची भीती एवढ्यापुरती खरी आहे. पण स्ट्रिंगमध्ये केवळ स्मॉल इंग्रजी अक्षरे असतील आणि 'काउंट' प्रत्येक जागेसाठी नव्हे, तर प्रत्येक वेगळ्या अक्षरासाठी एकदाच बोलावले, तर काम जास्तीत जास्त २६ गुणिले दोन लाख, म्हणजे ५२ लाखांचे होते. शिवाय 'काउंट'चे आतले चालणे सी भाषेत लिहिलेले असल्याने, पायथनमध्ये हाताने लिहिलेल्या एका लूपपेक्षा ते पुष्कळदा लवकरही आटोपते. तेव्हा फंक्शनवर बहिष्कार टाकण्यापेक्षा ते किती वेळा बोलावले जाते आहे, हे पाहावे.

तरीही परीक्षेत मी सरळ वाट धरीन. एक डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक अक्षरापुढे त्याचा आकडा मांडण्याची यादी, घ्यावी, स्ट्रिंग एकदा डावीकडून उजवीकडे चालून प्रत्येक अक्षराचा आकडा मांडावा, आणि मग दुसऱ्यांदा चालून ज्याचा आकडा एक आहे असे पहिले अक्षर भेटताच थांबावे. पायथनच्या 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधला 'काउंटर' पहिला फेरा एका ओळीत उरकतो. दुसऱ्या फेऱ्यात डिक्शनरी न चालता पुन्हा मूळ स्ट्रिंगच चालण्याची सवय लावून घ्यावी. पायथनच्या ३.७ आवृत्तीपासून डिक्शनरी ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने चालते याची हमी आहे, त्यामुळे तेथे दोन्ही प्रकारे उत्तर बरोबर येईल; पण हाच प्रोग्रॅम उद्या जावा भाषेतल्या 'हॅशमॅप'वर, म्हणजे तेथल्या डिक्शनरीवर, लिहिला, तर 'पहिले' या शब्दाला काही अर्थच उरत नाही, कारण तो मॅप कोणताही क्रम पाळण्याचे वचन देत नाही.

मुलाखतीत पुढचा प्रश्न बहुधा असा येतो, की अक्षरे एकेक करून येत आहेत आणि प्रत्येक अक्षरानंतर उत्तर सांगायचे आहे. मग काय कराल? तेव्हा आकड्यांच्या जोडीला एक रांग ठेवावी. नवे अक्षर आले की त्याचा आकडा वाढवून त्याला रांगेच्या शेवटी उभे करावे, आणि रांगेच्या तोंडाशी असलेल्या अक्षराचा आकडा एकाहून जास्त झाला असेल तर त्याला बाहेर काढत जावे. तोंडाशी जो उरेल तो उत्तर. प्रत्येक अक्षर रांगेत एकदाच शिरते आणि फार तर एकदाच बाहेर पडते, म्हणून एकूण काम स्ट्रिंगच्या लांबीच्या प्रमाणातच राहते. हे एक वाक्य मुलाखतीत बोलून दाखवले नाही, तर समोरचा हमखास विचारतो.

प्रश्न : दोन शब्द एकमेकांची अक्षरे फिरवून तयार झाले आहेत का, हे पाहण्यासाठी मी जावामध्ये दोन हॅशमॅप भरतो आणि प्रत्येक अक्षराचे दोन्हीकडचे आकडे दुहेरी बरोबरीच्या चिन्हाने ताडतो. लहान शब्दांवर वर्षभर बिनतक्रार चाललेला हा कोड लांब मजकुरावर चुकीचे 'नाही' देऊ लागला आहे. दोन्ही आकडे छापून पाहिले तर तेच दिसतात!
– एक सॉफ्टवेअर अभियंता, मूळचे कोल्हापूरचे, सध्या बंगळुरू

उत्तर : कोणत्या तरी अक्षराची संख्या १२७ च्या पुढे गेली असेल, तपासून पाहा. हॅशमॅपमध्ये साधा 'इंट' राहत नाही, 'इंटिजर' ही वस्तू राहते, आणि दुहेरी बरोबरीचे चिन्ह दोन वस्तूंच्या किमती न ताडता त्या एकच वस्तू आहेत का हे ताडते. जावा उणे १२८ ते १२७ या आकड्यांच्या वस्तू आधीच तयार ठेवून त्याच पुन्हा पुन्हा हाती देते, म्हणून तेवढ्या टप्प्यात तुमची तुलना योगायोगाने बरोबर येत होती. १२८ पासून दोन्ही मॅपांत दोन स्वतंत्र वस्तू तयार झाल्या, आकडा तोच आणि उत्तर 'नाही'. 'इक्वल्स' वापरावे. किंबहुना दोन्ही मॅप एकाच 'इक्वल्स'ने एकमेकांशी ताडता येतात. आपला लूप लिहिण्याची गरजच नाही.

इंग्रजी अक्षरांपुरतेच काम असेल, तर मी दोन मॅपांऐवजी एकच २६ घरांचा ॲरे घेईन. पहिल्या शब्दाच्या अक्षरांसाठी एक मिळवीन, दुसऱ्याच्या अक्षरांसाठी एक वजा करीन आणि शेवटी सर्व घरे शून्य आहेत का, ते पाहीन. याच ॲरेने पुढचे गणितही सुटते : लांब मजकुरात दिलेल्या शब्दाची अक्षरे फिरवून झालेला तुकडा कोठे कोठे आहे ते शोधायचे असेल, तर शब्दाच्या लांबीची खिडकी मजकुरावर सरकवावी, उजवीकडून आत आलेल्या अक्षराचा आकडा एकाने वाढवावा आणि डावीकडून बाहेर पडलेल्याचा एकाने कमी करावा. प्रत्येक जागी नव्याने मोजत बसू नये.

आपण पत्रात विचारलेली दुसरी युक्ती, म्हणजे 'ए'ला २, 'बी'ला ३, 'सी'ला ५ अशा मूळ संख्या देऊन शब्दाचा गुणाकार करणे आणि दोन गुणाकार ताडणे, ऐकायला सुरेख आहे आणि कागदावर ती बरोबरही आहे. संगणकावर मात्र 'झेड'च्या वाट्याला १०१ येतो आणि नुसते दहा 'झेड' आले की 'लाँग' या पूर्णांकाची ६४ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या ६४ जागांची, मर्यादा ओलांडली जाते. जावा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ज्या मजकुरात 'ए' ६४ वेळा आला आहे, त्याचा गुणाकार २ चा ६४ वा घात धरून बसल्यामुळे ६४ बिटांत चक्क शून्य होतो, आणि मग असे कोणतेही दोन मजकूर, बाकीची अक्षरे काहीही असोत, एकमेकांचे भाऊ ठरतात. गंमत म्हणून मित्रांना दाखवावी, कामाच्या कोडमध्ये आणू नये.

प्रश्न : माझा मुलगा दिवसभर ही अक्षरे मोजणारी कोडी सोडवतो. परीक्षेबाहेर याचा काही उपयोग आहे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : आहे, आणि तो संगणकापेक्षा पुष्कळ जुना आहे. नवव्या शतकात अल-किंदी या अरब विद्वानाने गुप्तलेख फोडण्याची रीत लिहून ठेवली, ती हीच : गुप्त मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा येते ते मोजावे, त्या भाषेच्या साध्या मजकुरात कोणते अक्षर किती वेळा येते तेही मोजावे आणि दोन याद्या शेजारी ठेवाव्यात. पुढे तारेच्या मोर्स संकेतासाठी आल्फ्रेड व्हेल यांनी छापखान्यातल्या खिळ्यांच्या खणांत कोणत्या अक्षराचे किती खिळे आहेत ते पाहून इंग्रजीतल्या अक्षरांची वारंवारता ठरवली. म्हणून सर्वाधिक येणाऱ्या 'ई'ला एकच टिंब मिळाले. आपल्याकडच्या जुळाऱ्यांनाही कोणते खिळे हाताशी हवेत, हे मोजल्यावाचून माहीत होते.

१९५१ मध्ये एमआयटीत रॉबर्ट फानो यांनी विद्यार्थ्यांना अंतिम परीक्षेऐवजी निबंधाचा पर्याय दिला. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने त्यात, जास्त वेळा येणाऱ्या अक्षराला आखूड आणि कमी वेळा येणाऱ्याला लांब संकेत देण्याची सर्वांत काटकसरीची रीत शोधली. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि झिप फाइलमध्ये आजही वापरली जाते. मुलाला इंग्रजी 'मिसिसिपी' हा शब्द करून पाहायला सांगावे. त्यात 'आय' चारदा, 'एस' चारदा, 'पी' दोनदा आणि 'एम' एकदा येतो. हफमनच्या रीतीने त्यांना अनुक्रमे एक, दोन, तीन आणि तीन बिट मिळतात आणि पूर्ण शब्द २१ बिटांत मावतो. चारही अक्षरांना सरसकट दोन-दोन बिट दिले असते, तर २२ लागले असते. फायदा फक्त एका बिटाचा झाला, म्हणून मुलगा नाराज होईल. त्याला मग मोठा मजकूर द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. मराठीत कोणती अक्षरे अधिक येतात, हे पाहावे म्हणून नातवाच्या मदतीने पायथन शिकून प्रोग्रॅम लिहिला. 'महाराष्ट्र' या शब्दाची लांबी संगणक १० सांगतो. नातवाने चिन्हे गाळण्यासाठी 'इज-अल्फा' ही चाचणी घातली, तर ती ६ झाली. आम्ही शाळेत मुलांना त्यात चार अक्षरे आहेत असे शिकवले. शिवाय काही शब्द यादीत दोनदा दिसतात, दोन्ही अगदी सारखे. आमचे काय चुकले?
– रत्नागिरी

उत्तर : आपले शाळेतले उत्तर बरोबर आहे आणि संगणकाची दोन्ही उत्तरेही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघे तीन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा दिलेला आहे. त्यात व्यंजनाला एक जागा, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना प्रत्येकी एक आणि पाय मोडण्याच्या खुणेला, म्हणजे हलंताला, स्वतंत्र एक जागा आहे. जोडाक्षराला जागा नाही. ते व्यंजन, हलंत, व्यंजन असे साठवले जाते. आपण बाराखडीच्या शेवटी 'क्ष' आणि 'ज्ञ' ही अक्षरे म्हणून शिकवली, पण संगणकाच्या लेखी त्या प्रत्येकाच्या तीन जागा आहेत. 'महाराष्ट्र' फोडला तर म, ह, काना, र, काना, ष, हलंत, ट, हलंत, र अशी दहा चिन्हे निघतात. पायथन तीच मोजतो. 'इज-अल्फा' ही चाचणी युनिकोडने ज्यांना 'अक्षर' या वर्गात घातले आहे त्यांनाच पास करते, आणि काना, मात्रा, हलंत हे त्या वर्गात नाहीत, त्यामुळे म, ह, र, ष, ट, र एवढेच सहा उरले. इंग्रजीसाठी लिहिलेली ही चाचणी मराठीवर लावणे म्हणजे तांदळाची चाळणी पिठाला लावण्यासारखे आहे. चाळणी चांगली आहे, धान्य वेगळे आहे.

'स्वातंत्र्य' हा शब्द जवळून पाहू. त्यात स, हलंत, व, काना, त, अनुस्वार, त, हलंत, र, हलंत, य अशी अकरा चिन्हे आहेत. यूटीएफ-८ या साठवणुकीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून फाइलमध्ये त्याची लांबी ३३ बाइट. डोळ्यांना दिसणारी अक्षरे मात्र तीनच : स्वा, तं, त्र्य. चिन्हांची वारंवारता काढली, तर या शब्दात सर्वाधिक वेळा, म्हणजे तीनदा, हलंत येतो, आणि छापलेल्या शब्दात तो एकदाही दिसत नाही! बाइट मोजले, तर त्याहून मौजेचा निकाल लागतो : देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, त्यामुळे कोणत्याही मराठी मजकुरात २२४ पहिला येतो आणि त्यावरून मराठीविषयी काडीचेही काही कळत नाही.

आपल्याला हवी आहेत ती दिसणारी अक्षरे. त्यासाठी पायथनमध्ये तयार सोयी आहेत, पण त्यांची आवृत्ती पाहून घ्यावी. युनिकोडच्या पूर्वीच्या नियमानुसार हलंतानंतर तुकडा पडत असे आणि 'स्वातंत्र्य'चे स्, वा, तं, त्, र्, य असे सहा तुकडे होत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आला, आणि त्यानुसार तीन होतात. जुनी लायब्ररी आणि नवी लायब्ररी एकाच मजकुरावर वेगळे आकडे देतील. म्हणून आपल्या कामापुरता नियम स्वतः लिहिणे मला सोपे वाटते : चिन्हे एकेक करून घ्यावीत, व्यंजन किंवा स्वर आला की नवे अक्षर सुरू करावे, परंतु आलेले चिन्ह व्यंजन असून त्याच्या लगेच आधी हलंत असेल, तर ते चालू अक्षरालाच जोडावे, काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे नेहमीच चालू अक्षराला चिकटवावेत. मोकळी जागा आली की अक्षर संपले. 'विद्वान्'सारख्या पाय मोडून संपणाऱ्या शब्दाचा हलंत त्यामुळे पुढच्या शब्दाला जाऊन बिलगत नाही.

आता जुळ्या शब्दांविषयी. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक आपल्याला सांगायला नको. यांतल्या दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिलेला सापडतो : काही ठिकाणी 'ऱ' या स्वतंत्र चिन्हापुढे हलंत देऊन, तर काही ठिकाणी साध्या 'र'पुढे हलंत आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही एक, मोजायला दोन. तसेच 'ॲप'मधला 'ॲ' हे काही जण एकच चिन्ह म्हणून टाइप करतात आणि काही जण 'अ'वर अर्धचंद्र देऊन. युनिकोडच्या सामान्यीकरणाची (एकाच अक्षराची पर्यायी लेखने एका रूपात आणण्याची) 'एनएफसी' ही रीत पायथनमध्ये एका ओळीत लावता येते; तिने 'र' आणि खालचा नुक्ता (टिंब) मिळून झालेला 'ऱ' ताळ्यावर येतो, पण वरच्या दोन जोड्या ती एकत्र आणत नाही, कारण युनिकोडच्या मते ते पर्यायी लेखन नव्हेच. त्यामुळे मोजण्याआधी मजकुरावर दोन बदल आपल्या हातानेच करून घ्यावेत : र, हलंत, जोडचिन्ह दिसले की 'ऱ' आणि हलंत, 'अ' आणि अर्धचंद्र दिसले की 'ॲ'.

आपण पत्राच्या शेवटी 'मराठीत सर्वाधिक येणारा स्वर कोणता' असे विचारले आहे आणि नातवाच्या यादीत 'अ' फारच खाली आहे, म्हणून आश्चर्य व्यक्त केले आहे. तो खाली असणारच, कारण व्यंजनातला 'अ' लिहिला जात नाही. ज्या व्यंजनापुढे स्वरचिन्हही नाही आणि हलंतही नाही, तेथे एक 'अ' धरावा. अनुस्वार हे स्वरचिन्ह नव्हे, त्यामुळे 'तं'मध्येही 'अ' आहेच. या हिशेबाने 'महाराष्ट्र'मध्ये 'आ' दोन आणि 'अ'ही दोन. मात्र ही लेखनातली मोजणी झाली. 'घर' लिहिताना दोन 'अ' आहेत, उच्चारताना शेवटचा गळतो, आणि बोलीतले स्वर मोजायचे असतील तर तो नियम वेगळा बसवावा लागेल.

प्रश्न : 'दिलेल्या स्ट्रिंगची अक्षरे फिरवून विलोमपद (उलटसुलट सारखेच वाचता येणारे पद) तयार होऊ शकते का' या गणितात विषम वेळा येणारी अक्षरे मोजतात. मी प्रोग्रॅमला मुद्दाम 'रामाला भाला मारा' हे दिले, जे स्वतःच विलोमपद आहे. मोकळ्या जागा काढूनही उत्तर 'नाही' आले.
– एक वाचक, पणजी

उत्तर : नियम आपण योग्य घेतला आहे. उलटसुलट सारखे वाचायचे, तर प्रत्येक अक्षराला पलीकडच्या बाजूला जोडीदार हवा, फक्त मधोमध एकटे अक्षर बसू शकते. म्हणून विषम वेळा येणारी अक्षरे एकाहून जास्त असता कामा नयेत. आपला प्रोग्रॅम मात्र चिन्हे मोजतो. या वाक्यात १४ चिन्हे आहेत : र, म, ल प्रत्येकी दोनदा, भ एकदा आणि काना सात वेळा. भ आणि काना असे दोन विषम निघाले आणि प्रोग्रॅमने नकार दिला. वर मुख्याध्यापकांना सांगितलेल्या रीतीने अक्षरे पाडली, तर रा, मा, ला प्रत्येकी दोनदा आणि भा एकदा, म्हणजे विषम एकच, आणि 'भा' बरोबर मधोमध बसलेला आहे.

त्यानंतर 'तो कवी डालडा विकतो' हेही देऊन पाहावे, कारण तेथे अक्षरे नीट पाडूनही प्रोग्रॅम अडेल. तो, क, डा प्रत्येकी दोनदा येतात, पण दीर्घ 'वी' एकदा, ऱ्हस्व 'वि' एकदा आणि 'ल' एकदा, असे विषम तीन होतात. लहानपणापासून आपण हे विलोमपद म्हणून म्हणत आलो आणि वेलांटीकडे कोणी पाहिले नाही. मी प्रोग्रॅममध्ये ऱ्हस्व-दीर्घ वेगळे धरणे हा मूळ नियम ठेवीन आणि ते एक मानण्याचा पर्याय वापरकर्त्याला वेगळा देईन. तो पर्याय निवडला, की 'वि' दोनदा, 'ल' एकदा आणि उत्तर 'होय'.